सुईचं भेव

गोपिकाच्या घरात सुई कपडे शिवायला कमी आणि पोरगं वठणीवर आणायलाच जास्त कामी यायची. मुकुंदनं भात टाकला, की "डॉक्टर सुई टोचीन." शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखलं, की "दुखते म्हणशील तं सुई टोचीन." सावनेरात घरोघरी हेच फुकटचं औषध चालायचं, तेव्हा एकट्या गोपिकाला काय बोल लावायचा?

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात मात्र पोरगं तापानं फणफणलं. ओकाऱ्या सुरू झाल्या, झोपेत उजवा पाय पोटाशी घेऊन कण्हू लागलं. गावच्या डॉक्टरनं अपेंडिक्सचा संशय घेऊन नागपूरला धाडलं.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी टेबलावर निजवून त्याचं पोट दाबलं. "दुखतं का रे?"

"नाही."

"इथे?"

"नाही जी." मुकुंदचा ओठ दाताखाली होता आणि डोळे ट्रेमधल्या सुईवर.

"पोट ताठ लागतंय, पण भ्यालाय म्हणून असेल," डॉक्टर म्हणाले. "वायू असावा. घरी न्या."

गोपिकानं मुकुंदची नजर कुठं आहे ते पाहिलं. पोरगं खोटं बोलत होतं, आणि ते तिनंच शिकवलं होतं. शहरातल्या डॉक्टरपुढे हे सांगणं म्हणजे स्वतःच्या अडाणीपणाची दवंडी पिटणं. गुपचूप एसटी धरली तर अब्रू वाचली असती, पण पोरगं वाचेल याचा भरवसा नव्हता.

"साहेब, तो लपवून राहिला. दुखते म्हटलं का सुई टोचते, असं म्याच भेव घातलं त्याले."

"आमच्या घरीही हेच चालतं," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले. "तुम्हीच विचारा त्याला."

ती उशाशी बसली. "मुकुंदा, मी लबाड बोलली बापा. सुई म्हंजे शिक्षा नोहे. खरं सांग, दुखते?"

"दुखते म्हटलं तं नाही टोचणार?"

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. "टोचतीन," ती म्हणाली. "दुखीन बी. मी इथंच राहीन."

डॉक्टरांनी पुन्हा पोट दाबलं आणि मुकुंदनं असा टाहो फोडला, की बाहेर बाकावर बसलेले लोक उठून उभे राहिले. ते रडणं ऐकून गोपिकाचा जीव भांड्यात पडला. पोराच्या रडण्यानं आपल्याला बरं वाटावं, याची तिला लाजही वाटली.

ऑपरेशन आजच करायचं ठरलं. नर्स सुई भरू लागली.

"माय, म्या तं काहीच नाही केलं," मुकुंद हुंदके देत म्हणाला. "मंग मले काहून?"

"काहीच नाही केलं तरी दुखते, राजा," गोपिका म्हणाली, आणि त्याचा हात धरून तिनं स्वतःच मान फिरवली.