हिरवा दिवा आणि अडकलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. एका आडबाजूच्या दवाखान्यात, छताजवळच्या लोखंडी पिंजऱ्यात मला कुलूप लावून ठेवलं आहे. चोरीला जाऊ नये म्हणून, असं म्हणतात. मला कोण चोरणार, देव जाणे!

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. इथे आलो आणि माझं काम ठरलं. दूरच्या मोठ्या इस्पितळात माझा थोरला भाऊ बसतो, मुख्य राउटर. आम्हा दोघांमध्ये एक बोगदा आहे. डोंगरातला नव्हे हं! दवाखान्यातलं प्रत्येक बोलणं, प्रत्येक कागद मी छोट्या पाकिटांत भरतो, त्यावर आणखी एक बंद वेष्टन चढवतो आणि पाठवतो. वाटेत कुणाला आत डोकावता येत नाही, म्हणून तो बोगदा. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे कोळ्याने माझ्यावर जाळं विणलं तरी कुणी वर पाहिलं नाही. बोगदा उभा असला की माझा हिरवा दिवा लागतो. तेवढं एकच मला बोलता येतं.

एका सकाळी दवाखान्याचा ड्रायव्हर गाडीच्या टपावरून पडला. त्याचा आवाज असा दणदणीत, की सगळे त्याला हॉर्न म्हणत. त्याला माझ्या बरोबर खाली खाटेवर उताणा निजवलं आणि मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. पण मानेच्या मणक्यावर दिसणारी रेघ ही चीर आहे की नुसती सावली, हे त्यांना ठरवता येईना. चीर असेल, तर उचलताना त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले असते. मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहायला हवा होता. आणि फोटो जाईना.

मोबाईलचा उपयोग आमच्या घाटमाथ्यावर फक्त वेळ बघायला होतो. टेबलावरचा फोन मात्र माझ्याच बोगद्यातून चालतो आणि तो ठणठणीत चालू होता. डॉक्टरबाईंनी तो स्पीकरवर टाकून मोठ्या इस्पितळात नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईला गाठलं.

“मॅडम, टनेल तर उभा आहे,” ताई म्हणाली. “मी इथून हाक मारली की तुमचा राउटर लगेच ओ देतो. दिवा हिरवा आहे ना?”

“आहे.”

“मग एकदा बंद करून चालू करा बरं.”

धावत आलेल्या ड्रायव्हरच्या बायकोने भिंतीवरचं माझं बटण दाबलं. फोन तुटला, मी मेलो, पुन्हा जिवंत झालो. फोटो परत माझ्याकडे आला. मी पाठवला. पोहोचल्याची पावती नाही. पुन्हा पाठवला. नाहीच. पुन्हा फोन, पुन्हा बटण, पुन्हा तेच. मित्रांनो, माझा जीव गुदमरला होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण दिवा आपला हिरवाच!

“काय रे ए हिरव्या डोळ्या,” हॉर्न खालून मला म्हणाला. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. “फुकटचा पगार खातोस होय?” मग तो डॉक्टरबाईंकडे वळला, म्हणजे नुसत्या आवाजाने. “मॅडम, मी ठीक आहे हो. बसवा गाडीत. किती वेळ छत बघत पडू?”

“अहो, गप पडा,” बायको म्हणाली. “दुखतंय का?”

“छे!”

दुपार कलली. अंधारात घाट उतरणं नको, म्हणून डॉक्टरबाईंनी मन घट्ट केलं आणि त्याला उजेडातच हलवायला स्ट्रेचर मागवलं. तेवढ्यात फोनवर ताई म्हणाली, “मॅडम, इथल्या पडद्यावर पेशंटचं नाव आलंय, फोटोची जागा मात्र कोरी आहे.” आणि ती स्वतःच थबकली. “नाव येतं आणि फोटो नाही? थांबा! आता बंद करू नका. मी मघापासून छोटीच पाकिटं पाठवून बघतेय. छोटं विचारलं की छोटंच उत्तर येणार. मोठं पाठवून बघते.”

मोठं पाकीट पोहोचलं नाही. त्याहून लहान, तेही नाही. आणखी लहान केलं आणि ते सुखरूप आलं! आम्हा दोघांमधली लाईन पुरवणाऱ्या कंपनीने आदल्या दिवशी वाट बदलली होती आणि नवी वाट अरुंद होती. वेष्टनाने फुगलेली माझी पाकिटं वाटेतच टाकून दिली जात होती, आणि तसं कळवत कुणीच नव्हतं.

“राउटरला आता आणखी बारीक तुकडे करायला सांगते,” ताई म्हणाली. “माझं काही चुकलं तर हा फोनही जाईल, मॅडम.”

“करा.”

हुकूम आला. मी फोटोचे बारीक तुकडे केले आणि श्वास रोखून एकेक सोडला. पावत्या येऊ लागल्या. एकीमागून एक, भराभर! मला रडूच आलं असतं.

थोड्या वेळाने हाडांच्या डॉक्टरांचा आवाज आला, “कुणी हात लावू नका त्याला! चीर आहे. आम्ही फळी आणि पट्टे घेऊन माणसं पाठवतो.”

डॉक्टरबाईंनी स्ट्रेचर परत पाठवलं. हॉर्नच्या बायकोने स्टूल ओढलं आणि ती त्याच्या उशाशी बसली.

“दुखतंय का, ते नाही विचारत,” ती म्हणाली. “पडल्यापासून काय काय होतंय, ते सगळं सांगा. मला घाई नाही.”

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “तू माझा हात धरलायस का गं? मला कळत नाहीये.”

तिने तो केव्हाचा घट्ट धरला होता.

डॉक्टरबाईंनी ते ऐकलं आणि लगेच फोनवर पुढे कळवलं. मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ जरूर पुसा. पण घरातलं कुणी ‘मी ठीक आहे’ म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. आणखी थोडं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.