दोन होड्या, एक बूच

त्या दिवशी सकाळी कप्तानाने माझ्याकडे डबा मागितला. दोघांचा, आणि बरोबर पाणी भरपूर. जेवणाची खोली समोर असताना जहाजावर डबा कोण मागतं? ज्याला जेवायला दुसरीकडे जायचंय तो. मी "हो साहेब" म्हटलं आणि अंडी उकडत टाकली. ज्याच्यासाठी मी या जहाजावर चढले होते, ते आज होणार होतं.

मी स्वयंपाकीण म्हणून लागले होते खरी, पण माझ्या हाताला चव नाही. आई म्हणायची, हिला शत्रूच्या घरी द्या, सूड आपोआप उगवेल. आईचं बोलणं असं खरं होईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

याच कप्तानाच्या आधीच्या जहाजावर माझा धाकटा भाऊ खलाशी होता. ते जहाज शांत हवेत, भर समुद्रात बुडालं. कप्तान वाचला, मालकाला विम्याची रक्कम मिळाली. चौकशीला आलेल्यांनी समुद्रापुढे कोणाचं चालतं, असं म्हणून चहा घेतला आणि गेले. माझा भाऊ आणि बाकीचे सगळे खलाशी मेले. म्हणजे सगळ्यांना तसं वाटत होतं.

एक जण वाचला होता. इंजिनाला तेल घालणारे काका. मच्छीमारांनी त्यांना उचललं, आणि चालायला येऊ लागताच ते आमच्या दारात आले. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. जहाजाला संकटात उतरायला दोन होड्या असतात. वर टांगलेल्या होडीत पावसाचं पाणी साचू नये म्हणून तळाला भोक ठेवतात. पाण्यात सोडायच्या आधी त्यात बूच बसवायचं. बूच तिथेच साखळीला बांधलेलं असतं. त्या दिवशी कप्तान उजव्या होडीतून निघून गेला. खलाशी डाव्या होडीत उतरले तर साखळी कापलेली, बूच नाहीसं.

"कपडे कोंबून पाहिले, ते लाटेसरशी वर यायचे," काका आईला म्हणाले. "मग तुमच्या पोराने भोकावर टाच दाबून धरली. आम्ही टोप्यांनी पाणी उपसत होतो. मी म्हटलं, आता मी बसतो. तर म्हणाला, काका, तुमचे पंजे मोठे आहेत, तुम्ही उपसा. रात्रभर बसला. पहाटे शुद्ध गेली तेव्हाच त्याचा पाय हलला."

आईने सगळं ऐकून घेतलं. आमची आई कधी कोणाला शिवीसुद्धा देत नाही. ती मला म्हणाली, "मला तो माणूस मेलेला हवाय."

पोलिसांत जाऊन उपयोग नव्हता. मालकाचे हात वरपर्यंत पोचलेले, आणि काका तर कागदोपत्री मेलेले. मेलेल्याची साक्ष कोण घेतो? पण मेलेल्याला एक सोय असते, त्याच्यावर कोणी नजर ठेवत नाही. काकांनी दाढी वाढवली, नाव बदललं आणि मालकाच्या नव्या जहाजावर पुन्हा तेलाचं काम धरलं. कप्तान इंजिनखोलीत कधी उतरत नसे आणि खलाशाच्या तोंडाकडे बघत नसे. आमचा तिसरा माणूस वायरमन. त्याचा बाप त्याच होडीत होता. जहाजावर आम्ही तिघं एकमेकांना ओळख देत नव्हतो. ओळख नाही हे पटावं म्हणून वायरमनने माझ्या भाताला सगळ्यांसमोर नावं ठेवली. ते नाटक नव्हतं असा मला अजून संशय आहे.

रोज सकाळी भाजीची सालं समुद्रात टाकायच्या निमित्ताने मी दोन्ही होड्यांच्या ताडपत्रीखाली हात घालून बुचं चाचपायचे. डबा भरून झाल्यावर त्या दिवशीही गेले. डाव्या होडीतली साखळी कापलेली. उजवीत बूच घट्ट बसवलेलं, वर फळी, आणि फळीवर नव्याकोऱ्या घोंगड्या.

मी काकांना गाठलं. "आरडाओरडा करू का? सगळ्यांना दाखवू?"

"दाखवशील काय? कापलेली साखळी? उंदराने कुरतडली म्हणेल," काका म्हणाले. "आज गप्प बसेल आणि पुढच्या फेरीला दुसऱ्यांना बुडवेल."

मग आम्ही एवढंच केलं. वायरमनने उजव्या होडीतलं बूच काढून डाव्या होडीत बसवलं आणि फळी, घोंगड्या जशा होत्या तशा ठेवल्या. ही चोरी नव्हती. आमचंच होतं, आम्ही परत घेतलं. वायरलेसचा एक हातसंचही त्याने आमच्या होडीत लपवला. संकटाच्या वेळी सगळी जहाजं ऐकतात, त्या लहरीवर तो लावलेला होता.

दुपारी खाली धप्प आवाज झाला आणि जहाज एका अंगावर कलू लागलं. भोंग्यावर कप्तानाचा आवाज आला, अगदी शांत. सगळ्यांनी डाव्या होडीत जा, मी पाहुण्यांना घेऊन उजवीत येतो. पाहुणे म्हणजे मालकाचा मेहुणा, मागच्या बंदरात हवापालट करायला म्हणून चढलेला. माझा डबा त्याने लेकरासारखा पोटाशी धरला होता.

आमची होडी पाण्याला लागली आणि कोरडी राहिली. काका एकदा बुचावर हात ठेवून आले. जहाज पाण्याखाली गेलं. त्यानंतर उजव्या होडीतून ओरडणं ऐकू आलं.

आम्ही वल्ही मारत हाकेच्या अंतरावर गेलो. कप्तान घोंगड्या फेकून फळ्या उचकटत होता.

"बूच कुठाय?" तो ओरडला.

"जिथून तू कापलंस तिथे," मी म्हटलं. साहेब म्हणायचं कारण आता उरलं नव्हतं.

आमच्या खलाशांना काहीच माहीत नव्हतं. काकांनी त्यांना कापलेली साखळी दाखवली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. एक म्हातारा खलाशी म्हणाला, "तरी आत घेऊ या त्यांना. माणसं आहेत." बाकीचे माझ्याकडे बघू लागले. मला आई आठवली. वल्ह्याचा एक फटका मारून निघून गेलो असतो तर आईचं मागणं पुरं झालं असतं, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. पण दोघं बुडाले असते तर मालक पुन्हा चहा पाजून मोकळा झाला असता.

"भोकावर टाच दाबून धर," मी कप्तानाला सांगितलं. "आणि तू, मेहुण्या, डबा रिकामा कर आणि उपस. दोघांनी मिळून केलं तर होडी तरंगते. आमच्या माणसांनी करून पाहिलंय."

कप्तानाने टाच लावली. मेहुण्याने माझी अंडी समुद्रात ओतली आणि उपसू लागला. थोड्याच वेळात तो दमला आणि हात गळाठून बसला. वायरमनने संचाचं बटण दाबून धरलं होतं.

"उपस ना!" कप्तान म्हणाला. "माझ्याने एकट्याने होणार नाही."

"मी का? जहाज तू बुडवलंस."

"तळाची झडप मी उघडली. साक्षीदार नकोत, बूच काढ, हे कोण म्हणालं? तुझा दाजी. मागच्या वेळीही तोच म्हणाला."

"आणि मागच्या वेळचा वाटा घेताना तुझा हात नाही कापला?"

अशी त्यांची भांडणं रंगली. टाच बदलू या, असं एकदाही दोघांतला कोणी म्हणाला नाही. आजूबाजूच्या पाण्यातल्या सगळ्या जहाजांनी ते ऐकलं.

उन्हं कलायच्या आत एक मालवाहू जहाज आलं. त्यांच्या कप्तानाने आधी आम्हाला वर घेतलं, सगळ्यांना, अगदी सावकाश. मी शेवटची होते. आमच्या रिकाम्या होडीतलं बूच उपटून मी पदराला बांधलं. मग त्या दोघांना वर ओढलं. कप्तानाला उभं राहता येईना. भोकाच्या गंजलेल्या कडेने त्याची टाच हाडापर्यंत फाटली होती.

"तू कोण?" त्याने मला विचारलं.

"मागच्या होडीत ज्याने टाच लावली, त्याची बहीण."

त्याला काही कळलं नाही. तो तर तेव्हा केव्हाच लांब गेला होता. मग काका त्याच्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच त्याला आपलं तोंड नीट बघू दिलं.

"तो पोरगा रात्रभर बसला होता," काका म्हणाले. "तुम्हाला दुपारसुद्धा निभावता आली नाही."

कप्तान फाटकी टाच ओढत मागे सरकला. त्याच संध्याकाळी मालकाला पोलिसांनी घरून उचलल्याचं वायरलेसवर कळलं.

घरी गेले तर आई दारातच उभी होती. मी बूच तिच्या हातावर ठेवलं. तिने ते मुठीत धरलं आणि विचारलं, "मेला?"

"नाही आई. डॉक्टर म्हणाले, त्याची टाच आता कधी धड होणार नाही. मी त्याला आशीर्वाद देऊन आले, शंभर वर्षं जग म्हणून."

आईने बूच कनवटीला खोचलं. मग म्हणाली, "माझाही सांग."