मेढीवरची चमक

सत्त्याण्णव साली आमच्या घरी जीप आली. ती कळंबच्या माझ्या धाकट्या भावाची, हौशीरामाची. त्यानं ती तीन वर्षं वापरली आणि गुढीपाडव्याला आमच्या मालकांना विकली. नारायणगाव ते बेल्हे शिटा, म्हणजे उतारू, मारायच्या, असा आमचा बेत होता.

मालक बैलांचे जाणकार. बेल्ह्याच्या बाजारात लोक त्यांना बोलावून न्यायचे, "गेणूभाऊ, जरा नजर टाका." ते बैलाचे दात बघत, खूर उचलून बघत, चालवून बघत. आणि शेवटी धन्याच्या डोळ्यांत बघून एकच विचारत, "खोड काय?" तिथं विचारल्यावर खोड लपवली तर त्या माणसाशी पुन्हा कुणी व्यवहार करत नसे. न विचारता घेतला, तर मात्र डोळे तुमचे आणि नशीब तुमचं.

जीपही त्यांनी तशीच घेतली. चाकं दाबली, भोवती दोन फेऱ्या मारल्या, गावातून एक चक्कर मारून आणली. फक्त खोड विचारली नाही. मी नंतर म्हटलं, "अवो, विचारायचं तरी." तर म्हणाले, "सख्ख्या मेव्हण्याला खोड विचारू व्हय? तो काय व्यापारी हाय?"

मला त्या वेळी बरंच वाटलं. माझ्या माहेराचा मान राखला म्हणून.

वैशाखात चिमाजी मिस्त्री अंगणातच ऑइल बदलायला आला. त्यानं जुनं ऑइल घमेल्यात सोडलं. काळं, गरम, जळकट वासाचं. मी म्हटलं, "मिस्त्री, ते सांडू नका. गोठ्याच्या मेढींना लावायचंय, लाकडाला वाळवी लागती."

"घ्या की काकू. आमचा कचरा, तुमची दवा," तो म्हणाला आणि नवीन ऑइल ओतायला लागला.

मी मालकांच्या जुन्या धोतराचा तुकडा डब्याच्या तोंडाला बांधला आणि ऑइल गाळलं. कापड सोडलं तर त्यावर काहीतरी चमकलं. बारीक, रुपेरी. मला वाटलं, जरीची तार असेल. मग ध्यानात आलं, धोतराला कुठली जरी? बोटावर घेतलं, चोळलं. ते टोचलं.

"मिस्त्री, हे काय हो?"

चिमाजीनं कापड हातात घेतलं, उन्हात धरलं. त्याचं तोंड उतरलं. ऑइलचा डबा त्यानं खाली ठेवला आणि मालकांना हाक मारली.

"भाऊ, हा लोखंडाचा कीस हाय. बेरिंग खाल्लीत. इंजिन आतनं झिजतंय."

"म्हंजी काय?"

"म्हंजी आज चालंल. उद्या उतारावर जाम झालं, तर शिटा भरलेल्या असतील." त्यानं कापड मालकांच्या हातात दिलं. "हे आत्ताचं न्हाई. लई दिवसांचं हाय."

मालक ओट्यावर बसले. आदल्याच दिवशी त्यांनी त्या जीपमधून अकरा माणसं आणली होती. त्यात एक बाळंतीण होती.  ते तळहातांकडं बघत म्हणाले, "मी खोड विचारली न्हाई."

मी म्हटलं, "हौशाला कळलं नसंल. त्याला इंजिनातलं काय कळतंय?" आणि हात पुसायला गोठ्यापाशी गेले.

ऊन गोठ्याच्या मेढींवर पडलं होतं. मेढी चमकत होत्या.

मी तिथंच उभी राहिले. त्या मेढींना मी दिवाळीत ऑइल लावलं होतं. भाऊबीजेला हौशानंच पत्र्याचा डबा भरून आणला होता. "अक्का, गाडीचं निघालंय, वाळवीला लाव." सारा हिवाळा मी ती चमक बघत होते. वाळूतला अभ्रक असेल, म्हणत होते. बोट फिरवलं. तेच टोचणं.

दुसऱ्या दिवशी धोतराचा तो तुकडा डब्यात घालून मी एसटीनं कळंबला गेले. वाटभर एकच मागणं चाललं होतं. कापड बघून त्यानं "हे काय?" एवढं विचारावं. एवढं विचारलं, तर मी सगळं विसरेन.

हौशीराम ओसरीवर जेवत होता. मी त्याच्या ताटाशेजारी कापड पसरलं. त्यानं बघितलं. घास हातातच राहिला.

"मिस्त्रीनं दाखवलं का?" तो म्हणाला.

त्यानं हे काय म्हणून विचारलं नाही. ज्याला मी कडेवर घेऊन ओढ्यापलीकडच्या शाळेत पोचवलं, तो माझा भाऊ समोर होता आणि मला तो ओळखू येईना.

"मिस्त्रीनं न्हाई. मेढींनी दाखवलं."

"दाजींनी विचारलंच न्हाई, अक्का."

"त्यांनी न्हाई विचारलं. मी विचारते. खोड काय?"

तो मान खाली घालून बोलत गेला. दसऱ्यापासून इंजिन ठोके देत होतं. मंचरच्या मिस्त्रीनं इंजिन उतरवायला सांगितलं होतं. यानं दाट ऑइल घालून आवाज दाबला. "दाजी जाणकार, त्यांच्या ध्यानात येईल आन् तेच नको म्हणतील, असं वाटलं," तो म्हणाला. मी पाणीही न पिता उठले.

चौथ्या दिवशी त्यानं पैसे परत केले आणि ट्रॅक्टर आणून जीप ओढून नेली. मालक बाहेर आले नाहीत.

भाऊबीजेला तो येईल असं वाटलं नव्हतं. पण आला. मी ओवाळलं. त्यानं तबकात लुगडं ठेवलं. मालक भिंतीला टेकून बसले होते. सहा महिन्यांत त्याच्याशी शब्द नव्हता. ते लुगड्याकडं बघून एकदम म्हणाले, "हौशीराम, खोड काय ह्याची?"

कुणी हसलं नाही. हौशानं लुगड्याची घडी मोडली. सगळं लुगडं उलगडून इंच न् इंच बघितलं. मग पदराजवळ बोट ठेवलं.

"हितं एक धागा सुटलाय, दाजी."