बुडून मेलेली माणसं

तुयारानं डास पळवायला अंगणात शेणाचा धूर केला, आत येऊन चुलीवर तवा ठेवला, तोच प्रोकोपी दारात उभा राहिला. नदीच्या उन्हाळ्यातही गोठलेल्या कड्यात बोगदे पाडून मॅमथचे सुळे काढणाऱ्या टोळीचा तो मुकादम. तिचा नवरा एर्चिम त्याच्याच हाताखाली पंपाचं पाणी मारून माती फोडायचा.

"पोरी, एर्चिम गेला. मासे धरताना होडी उलटली."

दुपारी प्रेत घरी आलं. अंग पुसताना तुयाराचे हात थांबले. नाकात, कानांत, दातांमागे चिखल गच्च बसला होता. छातीची हाडं बोटांखाली सरकत होती.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. दोन उन्हाळ्यांत गावातली तीन माणसं अशीच बुडाली होती. बोगदा ढासळला म्हटलं की पोलीस येणार, चोरटं काम बंद पडणार. म्हणून बायकासुद्धा मान खाली घालून 'बुडाले' म्हणत.

प्रोकोपीनं गोणपाटात गुंडाळलेला सुळा सासऱ्यांपुढे ठेवला. "त्याचा वाटा. आणि धाकट्याला उद्यापासून पाठवा. पंप धरायला माणूस नाही."

"बाबा, नाही म्हणा," तुयारा म्हणाली.

"गप बस. अख्ख्या गावाचं पोट आहे त्यावर."

"जातो ना मी, वहिनी. बाकीचे जातातच की!" दीर सांदाल म्हणाला, पण भावाच्या तोंडाकडे त्याला बघवत नव्हतं.

तुयारा तशीच दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी मृत्यूच्या दाखल्यावर 'बुडून' असं आधीच लिहून ठेवलं होतं.

"खोडा ते, ताई."

"अगं, सगळ्यांचं असंच लिहिते मी. तुला इथंच राहायचंय ना?"

"राहायचंय म्हणूनच सांगतेय. घरी चला, त्याच्या तोंडातली माती बघा, मग लिहा. नाहीतर मीच त्याला जिल्ह्याला नेते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग उठून तिच्याबरोबर निघाल्या. परत येऊन त्यांनी तो शब्द खोडला आणि 'मातीखाली दबून' असं लिहिलं.

पोलिसांनी पंप जप्त केले, बोगदा बुजवला. दुकानात बायका तुयाराला पाहून पाठ फिरवू लागल्या. सासरे जेवताना मान वर करत नव्हते. सांदाल घोडे राखायला लागला. त्यानंही तिच्याशी बोलणं सोडलं.

महिन्याभरानं एका सकाळी गेल्या साली 'बुडालेल्या' एकाची बायको मागच्या दारानं आली. बस म्हटलं तरी बसेना.

"मला त्यांनी शवपेटी बंद करूनच दिली होती," ती म्हणाली. "तोंडसुद्धा बघू दिलं नाही. आता काही करता येईल का गं?"

तुयारा पायात बूट चढवत म्हणाली, "चल, दवाखान्यात बाईंकडे आत्ताच जाऊ."