जाळीची ओसरी

मी एका घरामागची जाळीची ओसरी बोलतेय. शेजारपाजारचे मला पिंजरा म्हणतात. म्हणोत बापडे. पिंजऱ्यात कुणाला तरी डांबतात. मला बांधलं ते दोन मांजरांना उघड्यावर निर्धास्त बसता यावं म्हणून.

त्या घरात आत्या राहायची. पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून देणं हा तिचा उद्योग. जोडीला कॉलेजसाठी येऊन राहिलेली भाची, आणि मांजरं. कापशी पांढरीशुभ्र, जन्मापासून ठार बहिरी. फौजदार हा पट्ट्यापट्ट्यांचा बोका, अंगाने दांडगा आणि मनाने भित्रा. तिसरंही एक होतं, कापशीचा भाऊ, तिच्यासारखाच बहिरा. घरासमोरच्या रस्त्यावर मागून आलेला टेम्पो त्याला ऐकूच आला नाही.

त्या दिवसापासून आत्याने दारं-खिडक्या लावून घेतल्या. कापशी स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेला चिकटून बसायची. परसात चिमणी उतरली की तिची हनुवटी थरथरायची.

"जीव वाचवला खरा," आत्या भाचीला म्हणाली, "पण हे असं काचेतून बघत जगायचं म्हणजे काय गं?"

भाचीने दुसऱ्याच दिवशी वेल्डरला बोलावलं.

उंच, शिडशिडीत आणि बोलायला भारी काटकसरी माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्याने परसात एक फेरी मारली, भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "ताई, खिडकीला लागूनच करू. तिथूनच आत उतरतील."

अशी मी ठिणग्यांतून जन्मले. लोखंडी चौकट उभी राहिली, तिच्यावर बारीक चौकोनांची जाळी ताणून बसली. कुत्र्यांनी उकरून आत शिरू नये म्हणून जाळीचं खालचं टोक जमिनीत गाडून बाहेरच्या अंगाला वळवलं. डोक्यावर अर्धा पत्रा, अर्धी जाळी. ज्याला ऊन हवं त्याला ऊन, सावली हवी त्याला सावली. दारं दोन, एकामागे एक, म्हणजे माणूस आत येताना मांजर पायातून सटकायला नको. आत चढायला फळ्या, नखं घासायला एक खोड. त्या खोडाला सुतळी आत्याने स्वतः गुंडाळली. शेवटी वेल्डरने जाळीच्या कापलेल्या टोकांवरून कानस फिरवली आणि कुठे टोचत नाही ना हे बघायला आपला उघडा तळहात फिरवला. त्या तळहाताची मला तेव्हापासून सवय लागली.

मग खिडकी उघडली. फौजदार चौकटीतच अडून बसला. कापशी फळीवर आली, एक पाय मातीवर टेकवला, झटकला, पुन्हा टेकवला. वाऱ्याने तिच्या मिशा हलल्या. तिने अंगच टाकलं आणि मातीत अशी लोळली, की पांढऱ्याची पार मातकट झाली.

"अगं बाई, आताच पुसून काढलं होतं हिला!" भाची ओरडली. आत्या हसत होती आणि मनगटाने डोळे पुसत होती. वेल्डर हत्यारं आवरायची सोडून तिच्याकडेच बघत राहिला. कापशीकडे नव्हे, आत्याकडे.

काम संपलं, तो गेला. पण थोड्याच दिवसांत माझी कडी सैल झाली. निरोप गेला, तो रविवारी आला, स्क्रू आवळले, चहा घेतला. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. कडी माझी, स्क्रू माझे. ते कसे सैल होतात हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? शिलाई मशीनच्या खणात एक छोटा पेचकस होता. आत्या इकडेतिकडे बघत तो घेऊन यायची, आपलं काम उरकायची आणि कापशीला दटावायची, "तू काही पाहिलं नाहीस हं."

चहा ती दोघं माझ्यातच बसून घ्यायची. ती स्टुलावर, तो खालच्या फळीवर. बोलणं आपलं कापडाचं, लोखंडाचं, फौजदाराच्या भित्रेपणाचं. एका रविवारी त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "अहो, आज साखर विसरलात वाटतं."

ताई नाही. नुसतं अहो. आत्या साखर आणायला उठली ती आत जाऊन ओट्यापाशी उभीच राहिली. तिथे भाची पुस्तकात तोंड खुपसून हसत होती. त्यानंतर तो तिला ताई कधी म्हणाला नाही. पण त्याच्या पुढचंही काही म्हणाला नाही.

पुढे दूरच्या एका गावातल्या कारखान्यात त्याला कायमची नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी तो यंत्र घेऊन आला, कडीचे स्क्रू काढून टाकले आणि ती थेट वेल्ड करून टाकली.

"आता ही जन्मात सैल व्हायची नाही," तो म्हणाला.

"बरं झालं," आत्या म्हणाली. चहा त्या दिवशी कुणी केलाच नाही.

नंतरचे रविवार मी कसे सांगू? आत्या शिवण घेऊन माझ्यात येऊन बसायची आणि सुई तशीच कापडात राहायची. फाटक वाजलं की मान वळायची. कापशी मांडीवर चढायची. तिला ऐकू येत नसलं तरी आत्या तिच्याशी काहीबाही बोलत राहायची. मीही त्या तळहाताची वाट बघत होते. लोखंडाला दुसरं काय जमतं?

शेवटी भाचीनेच फोन लावला. माझ्यात उभी राहूनच.

"काका, कडी सैल झालीय."

"शक्य नाही. वेल्ड केलीय मी."

"झालीय म्हणते ना मी!"

मग तो म्हणाला, "येतो."

तो आला तेव्हा आत्या फळी पुसत होती. त्याने कडी हलवून पाहिली. ढिम्म. "हिला तर काही झालेलं नाही."

"मग कुणी बोलावलं तुम्हाला?" आत्या कानशिलापर्यंत लाल झाली.

"तसे ते स्क्रूही आपोआप सैल होत नव्हते. त्यांच्यावर पेचकसाचे ओरखडे असायचे."

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही थांबला असता."

आत्याने फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं. "मग कडी वेल्ड का केलीत?"

"मी गेल्यावर आवळायला दुसरा कुणी आला असता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ते मला सोसलं नसतं. अहो, तिकडे घर मिळालंय मला. मागे जागा आहे. मांजरांसाठी माप घेऊन ठेवलंय."

"मांजरांसाठीच?"

"मांजरं तुमच्याशिवाय कशाला येतील?"

निघताना कापशी आणि फौजदार टोपल्यांत होते. आत्याने माझ्या जाळीत बोटं अडकवली आणि क्षणभर कपाळ टेकलं. त्याने तळहात फिरवला. भाची शिक्षण संपवून नोकरीला गेली. घरात भाडेकरू आले.

तिकडे माझ्याहून ऐसपैस ओसरी उभी राहिली असेल. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. माझ्यात आता मोडकी सायकल आहे, रिकामे डबे आहेत, रद्दीचे गठ्ठे आहेत. उन्हाचा चौकोन रोज फळीवर येतो, हळूहळू सरकत भिंतीवर चढतो, आणि त्यात कुणी नसतं.

परवापासून एक करडी मांजर येतेय. पोट जड झालंय, पावलं जपून टाकते. माझ्याभोवती फिरते, पत्र्याखालच्या कोरड्या कोपऱ्याकडे बघत बसते. भाडेकरू बाई मायाळू आहे. तिने बाहेर वाटीत दूध ठेवलं. त्याच्या पुढचं अजून तिच्या ध्यानात आलेलं नाही.

बाई, तेवढी दोन्ही दारं उघडी टाका आणि डब्यांमागे एखादी जुनी चादर अंथरा. बाकीचं मी बघते.