वडलांचं डोकं

प्लास्टिकच्या मगावरची निळी रेघ... इथपर्यंतच पाणी, कोमट, आधी आपल्या मनगटावर ओतून बघायचं... फिफिताने रेघेपर्यंत पाणी घेतलं तेव्हा समोरच्या खुर्चीत म्हातारे मोसेसे डोळे मिटून बसले होते आणि ब्रिस्बेनहून आलेल्या परीक्षक बाई कागदावर पेन टेकवून वाट बघत होत्या. वृद्धसेवेच्या वर्गात सहा महिने रबरी पुतळ्याचं डोकं धुतलं, आज पहिल्यांदा जिवंत माणसाचं. पांढरे केस, बाबांच्याच वयाचे. हात उठेना. बापाच्या डोक्याला मुलांनी हात लावायचा नाही, त्याचं उष्टं खायचं नाही, हे टोंगात बोलता येण्याआधी कळतं — मग हे डोकं तरी कसं... ती मटकन गुडघ्यांवर बसली, त्यांच्याहून खाली, आणि मान खाली घालून पुटपुटली, "तुलोऊ... तुलोऊ..." माफी असावी. नापास झाले, तिला वाटलं, संपलं सगळं.

बाई मात्र खूश. 'रुग्णाची परवानगी घेते' असं लिहून त्यांनी पैकीच्या पैकी दिले. हसावं की रडावं! मग हात आपोआप चालले, मोसेसे घोरायलाही लागले. ब्रिस्बेनच्या वृद्धाश्रमातली नोकरी, जूनमधलं विमान, नक्की झालं.

ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मोसेसे आत्याच्या चर्चमध्ये गातात; बिचाऱ्यांना कौतुकच करायचं होतं.

बाबांचं अर्धं अंग लुळं पडल्याला दोन वर्षं झाली. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं सगळं फिफिताकडे, डोकं तेवढं आत्याकडे, कारण बहिणीला बंधन नाही. दर शनिवारी ती कुरकुरत येते, केस धुते, दाढी करते. म्हणून तर ठरलं होतं, पोरगी गेली की आत्याच इथे राहायला येईल, नाहीतरी यावं लागतंच. माझं सगळं जाणं त्या एका डोक्यावर उभं होतं, आणि मी किती साळसूदपणे सांगायचे, नाही हो, मला चालत नाही...

आत्या अळकुड्या सोलत बसली होती. "या, ब्रिस्बेनवाल्या. मोसेसेला म्हणे तुझ्या हाताखाली झोप लागली."

"परीक्षा होती आत्या."

"परक्याचं डोकं चालतं, आणि बापाच्याच डोक्याला तेवढे काटे होय गं?"

"पण रीत..."

"रीत मला शिकवतेस? तुझ्या बापापेक्षा माझा मान मोठा. मी सांगते, लाव हात. माझा खांदा गेलाय, मला नाही आता जमायचं, इथे येऊन राहणंही नाही. आणि म्हातारे काय ब्रिस्बेनलाच असतात?"

बापाच्या बहिणीपुढे या घरात कोण बोलणार. एकच माणूस — बाबा. जीभ गेली होती त्यांची, पण मान हलायची. ते खिडकीशी बसले होते आणि फिफिता त्यांच्या मागे, हात अधांतरी धरून. नाही म्हणा बाबा. एकदा मान झटका, तेवढंच पुरे, मग मी जाईन...

तिने बोटं टेकवली. वाटलं होतं त्याहून डोकं लहान निघालं, केस मऊ. आता काहीतरी होईल, म्हणून ती थांबली. काहीच झालं नाही. भीती कुठे गेली? सकाळी होती ना... बाबांनी एक लांब श्वास सोडला आणि डोक्याचा सगळा भार तिच्या तळव्यात टाकून दिला. तिला राग आला, त्यांचाच, इतका की डोळ्यांपुढे अंधारलं — आणि बोटं मात्र हलकेच फिरत राहिली, शिकवल्याप्रमाणे, कानामागून मानेकडे.