मार खाल्लेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी पाठ मोडलेली आहे आणि माझ्या काही पानांवर तपकिरी डाग आहेत. पाहणाऱ्यांना ते चहाचे वाटतात. ते चहाचे नाहीत.

शाई वाळते न वाळते तोच मला शिवून, पुठ्ठा चढवून वणीच्या एका वाचनालयात पाठवलं होतं. माझ्या पोटात एका बेटावरच्या दीपगृहाची गोष्ट आहे. बाप समुद्रात बुडाल्यावर त्याची मुलगी एकटीने दिवा पेटता ठेवते, अशी. एके काळी माझ्यासाठी लोकांचे नंबर लागत. "आली का परत?" असं ते दारातूनच विचारत. मग विचारणं थांबलं. मला कसर लागली. शेवटी वाचनालय बंद पडलं आणि आम्ही सगळी पुस्तकं पोत्यात भरून रद्दीत गेलो. त्या ढिगातून विमलताईंनी मला उचललं आणि पदराने पुसलं.

विमलताई राजूरला, कोळशाच्या खाणींपाशी राहत. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. दोरीवर वाळत टाकलेला कपडा कोळशाच्या धुळीने पुन्हा काळा व्हायचा. नळाला पाणी येईल तेव्हा येईल. मुलगी खुशी सारखी खोकायची. नवरा कपिल ट्रकवर होता, पण दारूपायी ते काम सुटलं, आणि मग त्याचा हात सैल सुटला. शिवी तर रोजचीच. अशा वेळी विमलताई ओट्याशी उभ्या राहून मला उघडत. एका हाताने भाजी हलवत आणि दुसऱ्या हाताने माझं पान उलटत. घरात ताट आदळलं की त्या बेटावर निघून जात.

कपिलला हे खपत नसे. एकदा भाजी करपली. त्याने मला त्यांच्या हातातून हिसकलं.

"काय वाचून राह्यली वं? घर जळलं तरी वाचशीन!"

असं म्हणून त्याने मलाच त्यांच्या तोंडावर हाणलं. मित्रांनो, मी कुणाला मारण्यासाठी जन्मले नव्हते. पण माझीच कड त्यांच्या गालाच्या हाडावर बसली. ओठ फाटला. माझी शिवण तुटली आणि पानं मोरीपर्यंत उडाली. तो निघून गेल्यावर त्यांनी ती गोळा केली, पिठाच्या खळीने चिकटवली आणि सुजल्या डोळ्याने जिथे राहिलं होतं तिथून पुढे वाचायला लागल्या. मला तेव्हा वाटलं, काय हे प्रेम! आज कळतं, त्या बाईला जायला दुसरी जागाच नव्हती.

मग ती दुपार आली. खुशीच्या हातून पाण्याचा पितळी गुंड कलंडला आणि खाटेवरचा कपिलचा मोबाइल भिजला. विमलताई स्वयंपाकघरात होत्या. गोष्टीत वादळ ऐन भरात आलं होतं. बाहेरच्या खोलीत फटका वाजला. त्यांचे डोळे माझ्या ओळींवरून आणखी भराभर धावू लागले. पुन्हा फटका. या वेळी पट्ट्याचा. पोरगी रडली नाही, नुसतं म्हणाली, "आई."

त्यांची नजर एका शब्दावर अडकली. मग त्यांनी मला उघडंच ओट्यावर ठेवलं आणि त्या बाहेर धावल्या.

मला दारातून दिसत होतं. कपिलने खुशीची वेणी मुठीत धरून तिचं डोकं लोखंडी कपाटावर आदळलं होतं. नाकातून रक्त वाहत होतं. विमलताई मध्ये शिरल्या. पट्ट्याचं बक्कल त्यांच्या कपाळावर बसलं. त्याने त्यांना ढकलत ओट्यापर्यंत आणलं आणि गळा धरला. त्या मागे वाकल्या, त्यांचं डोकं माझ्यावर टेकलं. गरम रक्त माझ्या पानांत मुरत गेलं. डोळे पांढरे होऊ लागले. त्यांचा हात चाचपडत गॅसवरच्या तव्यावर पोचला. तळहात भाजला, तरी त्यांनी तवा सोडला नाही. तो कपिलच्या मनगटावर बसला आणि गळ्यावरची पकड सुटली.

"खुशी, कडी काढ!" त्या ओरडल्या.

दारावर शेजारच्या जोहराबी कधीच्या धक्के मारत होत्या. कडी निघाली तशा त्या आत शिरल्या. मागून त्यांचे यजमान जफरभाई आणि त्यांच्या गॅरेजमधली माणसं आली. त्यांनी कपिलला जमिनीवर दाबून धरलं.

"घरचा मामला हाय, जफरभाई," तो धापा टाकत म्हणाला.

जोहराबींनी खुशीला पोटाशी घेतलं होतं. "लेकराच्या नाकातून रगत येऊन राह्यलं, अन् घरचा मामला कायचा रे? चाल विमल. आज ठाण्यात जाऊच."

खुशीने मला टॉवेलात गुंडाळून दप्तरात कोंबलं, म्हणून पुढचं मी ऐकलं. पोलिसांनी विमलताईंना कुठे कुठे लागलं ते विचारलं. त्या म्हणाल्या, "पयले माह्या पोरीचं लिहा साहेब. माहं मंग."

कपिलला अटक झाली. खटला अजून चालू आहे. मायलेकी आता नेरला विमलताईंच्या बहिणीकडे राहतात. विमलताई ब्लाउज शिवतात. भाजलेल्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून मला धरताना त्यांना मांडीचा आधार लागतो. त्या आता खुशीला मोठ्याने वाचून दाखवतात. पोरगी मध्येच खोकली, तर वाक्य अर्ध्यावर सोडून तिची पाठ चोळतात.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला ओलीत टाकू नका, हे तर मी सांगेनच. जीव नकोसा झाला की माझ्याकडे जरूर या, वादळ संपेपर्यंत मी तुम्हाला बेटावर ठेवून घेईन. पण तुमच्या घरात, शेजारच्या घरात कुणी हाक मारली, तर ओळ पुरी करायला थांबू नका. मला आहे तिथे पालथं टाका आणि धावा. मी कुठे जात नाही.